तिएरादेंत्रो, कोलंबिया : गुडघे शाबूत असतील तर नक्की जा

काउका प्रांतातल्या या भुयारी थडग्यांना 1995 मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. पोपायानहून बसने साधारण 100 किलोमीटर, पण डोंगरी रस्त्यामुळे चार-पाच तास धरा. बस फाट्यावर सोडते, तिथून संग्रहालय सुमारे दोन किलोमीटर. रोख रक्कम पोपायानमध्येच काढून ठेवा.

सुरुवात सेगोव्हिया या थडग्यांच्या गटापासून करा. सर्वांत देखणी थडगी इथेच आहेत. मऊ ज्वालामुखी खडकात कोरलेल्या पायऱ्या गोल वळत खाली जातात. त्या गुडघ्याएवढ्या उंच आणि दमट, म्हणून पाठ फिरवून, हाताने धरत उतरावं. खालच्या दालनांत पांढऱ्या लेपावर लाल-काळे चौकटीदार नक्षीपट्टे आणि खांबांवर कोरलेले चेहरे दिसतात. सहाव्या ते दहाव्या शतकातले हे रंग आजही टिकून आहेत, त्यामुळे फ्लॅश टाळा आणि भिंतीला टेकू नका. काही दालनांत दिवे आहेत, पण डोंगरधारेवरच्या एल आग्वाकाते या गटात टॉर्चशिवाय काहीच दिसत नाही.

एल आग्वाकाते धरून सगळा फेरा पायी सुमारे 14 किलोमीटरचा. एका दिवसात रेटला की शेवटी पाय लटपटतात आणि नेमकं उतारावर घसरायला होतं. दोन दिवस ठेवा, पावसानंतर ती धार टाळा.

वाटेतली वस्ती नासा आदिवासींची आहे. शेतातून जाताना, फोटो काढताना आधी विचारा. घायपाताच्या धाग्यांची विणलेली पिशवी मिळाली तर घ्या, फार घासाघीस करू नका.