रोख, बियाणं की बचत गट? संघर्षग्रस्त गावात आधी काय द्यावं

गोळीबार थांबून काही महिने झालेत, लोक परतताहेत, निधी मोजकाच आहे. कुठून सुरुवात करावी? मी आधी एवढंच विचारतो: आठवड्याचा बाजार भरतो का?

भरत असेल तर सरळ रोख द्या. २०११च्या दुष्काळात दक्षिण सोमालियात अल-शबाब या सशस्त्र गटाने बऱ्याच मदत संस्थांना मज्जाव केला होता. पण व्यापारी माल आणत होते, म्हणून काही संस्थांनी हवालावाल्यांमार्फत कुटुंबांना पैसे पोहोचवले. माल येतच नसेल तर मात्र पैसे वाटून फक्त भाव चढतात. आणि खरं भांडण पेटतं ते मदत कुणाला द्यायची त्या यादीवरून. ती बंद खोलीत करू नका, चारचौघांत वाचून दाखवा.

बियाणं वाटण्याचा मोह मोठा, कारण फोटो छान येतो. रवांडात १९९४च्या वंशसंहारानंतर बियाणं संपलंच असं गृहीत धरून ते वाटलं गेलं. नंतर कळलं की घेवड्याचे वाण बऱ्यापैकी टिकले होते, शेजारीपाजारी आणि बाजारात मिळत होते. फटका बसला होता तो बटाट्याच्या बेण्याला. म्हणून पीकवार चौकशी करा. पेरणी उलटल्यावर आलेलं बियाणं चुलीवरच जातं. (शेळ्या की शिलाई मशीन, हाही प्रश्न येतो. पळायची वेळ आली तर शेळी बरोबर चालते. लुटणाऱ्यालाही तीच सोपी, हे खरं.)

बचत गटाला बाहेरचा पैसा जवळजवळ लागत नाही. केअर या आंतरराष्ट्रीय मदत संस्थेने १९९१ मध्ये नायजरमध्ये सुरू केलेली ही पद्धत पुढे बऱ्याच देशांत गेली. पंधरा-पंचवीस जणी, एक पेटी, तीन कुलुपं, किल्ल्या तीन वेगळ्या घरांत. पैसे सगळ्यांसमोर मोजायचे, आपसांत कर्ज द्यायचं, वर्षअखेर वाटून घ्यायचं. पण विस्थापितांच्या छावणीत आज असलेली बाई उद्या तिथे असेलच असं नाही, आणि भरलेली पेटी म्हणजे चोराला आमंत्रण. तिथे वाटप सहा महिन्यांवर आणा, पैसा कर्जात फिरता ठेवा. संघर्षातल्या दोन्ही बाजूंच्या बायकांना पहिल्याच दिवशी एका गटात बसवू नका. आधी त्यांना एकमेकींकडून मीठ-तेल विकत घेऊ द्या.