डोअर स्विच बदलून अख्खा पावसाळा काढला, आता लिहितो

गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक, कोकणात असते, वर पत्र्याची शेड आहे पण आडवा पाऊस शेडला कुठे जुमानतो. तक्रार अशी की चारही दारं आणि डिकी नीट लावली तरी केबिन लाईट चालूच आणि डॅशबोर्डवर दार उघडं असल्याचं लाल चिन्ह. मे महिन्यात ड्रायव्हर साइडचा डोअर स्विच (दार उघडलं-लागलं की केबिन लाईट चालू-बंद करणारा, दाराच्या चौकटीतला छोटा स्विच) बदलला, ओरिजिनल नाही, बाजारातला साधा, दीडशेच्या आतला. आता दिवाळी झाल्यावर लिहितोय कारण असल्या पार्टचं खरंखोटं पावसातच कळतं, बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी दिलेल्या पाच स्टारना काही अर्थ नसतो.

आधी एक, लाईट बंद होत नाही म्हणून सगळेजण रूफ लॅम्पचं बटण ऑफला टाकून मोकळे होतात. त्याने लाईट जाते पण दोष तिथेच राहतो, आणि रात्री दार उघडलं की अंधारात चावी चाचपत बसा. बटणाच्या तीन पोझिशन असतात, ऑन, डोअर आणि ऑफ. ऑनवर राहिलंय का तेवढं बघायचं (मुलं मागे बसली की हे हमखास होतं) आणि डोअरवर ठेवूनच पुढचा शोध घ्यायचा. नवीन गाड्यांत दार लावल्यावर लाईट काही सेकंद राहून हळूहळू मंद होत जाते, तो बिघाड नाही. अमेरिकेत जुनी गाडी घेतलेल्यांनी डॅशबोर्डच्या उजेडाची ती फिरकी बघा, बऱ्याच गाड्यांत ती शेवटपर्यंत वर फिरवली की आतले दिवे लागतात आणि दारांचा काही संबंधच नसतो.

आमच्यासारख्या जुन्या गाड्यांत प्रकरण सोपं आहे. दिव्याला बॅटरीचा प्लस कायम असतो, स्विच फक्त अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॉडीमार्फत बॅटरीच्या मायनसशी जोडणी) देतो. दार उघडलं की स्विचची पिन बाहेर येते, आत कॉन्टॅक्ट होतो, बॉडीची अर्थ मिळून दिवा लागतो. सगळ्या दारांचे स्विच पॅरलल, म्हणजे एकाने जरी अर्थ दिली तरी लाईट चालू. त्यामुळे कुठलं दार गुन्हेगार हे शोधणं हेच खरं काम. एका गॅरेजवाल्याने न बघताच अख्खं वायरिंग काढायला सांगितलं होतं, मी हात जोडले.

शोधायचं असं: दार उघडून त्याची पिन अंगठ्याने पूर्ण आत दाबायची, बाकी दारं बंद. लाईट गेली नाही तर पुढच्या दाराकडे. आमच्याकडे ड्रायव्हर साइडची पिन दाबली की लाईट जायची पण दार लावलं की परत हजर! म्हणजे स्विच ठीक होता, दारच त्याला पुरेसं दाबत नव्हतं. पिनेवरची रबरी टोपी नीट बघितली तर बरोब्बर मध्ये भोक पडलेलं, पिनेचं टोक त्यातून बाहेर आलेलं, आणि वर्षानुवर्षं आपटून दारही जरा खाली बसलेलं. दोनेक मिलिमीटरचा खेळ. नुसती टोपी मिळाली असती तर तेवढ्यावरही भागलं असतं, पण आतली स्प्रिंगही गंजलेली म्हणून स्विचच घेतला.

बसवायला एक फिलिप्स स्क्रू आणि एक वायर, बस. पण स्विच ओढून काढताना वायर सोडली की ती सरळ पिलरच्या (दाराशेजारच्या पोकळ खांबाच्या) आत पडते आणि मग वायरमनला बोलवा, म्हणून काढायच्या आधीच तिला चिकटपट्टी लावून बॉडीला चिकटवून ठेवायची. आणि हा स्क्रूच अर्थ देतो, त्यामुळे खालचा गंज पॉलिशपेपरने घासून काढायचा, नाहीतर उलटा त्रास, दार उघडलं तरी लाईट लागत नाही. स्विच काढून वायर मोकळी धरली तरी लाईट चालूच असेल तर एकतर दुसरं दार नाहीतर वायर कुठेतरी सोलून बॉडीला लागलीय.

नव्या गाड्यांत मात्र ही पिन दिसणारच नाही, स्विच कुलपाच्या आत असतो. तिथे दार उघडं ठेवून कुलपाचा आकडा स्क्रूड्रायव्हरने दोन टक टक होईपर्यंत फिरवायचा, दार लागलंय असं गाडीला वाटतं, मग लाईट जाते का बघायचं. नंतर हँडल ओढून आकडा सोडवल्याशिवाय दार लावू नका, सरळ खिट्टीवर आपटेल.

बॅटरीचं म्हणाल तर 5 वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर साधारण 0.4 अँपिअर खातो, रात्रभरात 5 अँपिअर-अवर. धडधाकट 35 अँपिअर-अवरची बॅटरी एवढ्याने मरत नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी लावलेली गाडी सोमवारी सकाळी काढायची म्हटली की 25 गेले, आणि आमची बॅटरी म्हातारी, सेल्फ मारला की नुसतं टक टक. उतारावर राहतो म्हणून धक्क्यावर निभावलं.

आता स्विचबद्दल. पावसाळाभर एकदाही लाईट अडकली नाही, पिन मोकळी आहे, कॉन्टॅक्ट चांगला. रबर मात्र भिकार! गणपतीपर्यंतच कडक पडलं आणि कडेला चिरा गेल्या, स्क्रूवरही तांबूस गंज धरलाय. मी जुन्या स्कूटरच्या ट्यूबचा तुकडा कापून वरून चिकटवलाय, दिसायला गबाळा पण पाणी आत जात नाही. पाचात साडेतीन. मागच्या डाव्या दाराची पिनही आता अडखळायला लागलीय, तिथे हाच स्विच घेणार, टोपी मात्र भंगारातल्या एखाद्या गाडीची ओरिजिनल मिळते का बघतोय.