रिस्पेरिडोनची ११ वर्षे आणि त्यानंतरचे १४ महिने

मी ३९ वर्षांची आहे. स्किझोफ्रेनियाच्या निदानानंतर ११ वर्षे मी रोज रिस्पेरिडोन घेतले. याच गोळीने कानातले आवाज थांबले आणि मी पुन्हा नोकरीवर जाऊ लागले. म्हणून पुढचे वाचून कोणीही आपल्या मनाने औषध बंद करू नये.

दुसऱ्याच वर्षी माझी पाळी बंद झाली. घरच्यांना तो अशक्तपणा वाटला. दर भेटीत झोप, भूक, आवाज यांची चौकशी होई; पाळीबद्दल कोणी विचारले नाही आणि संकोचामुळे मीही सांगितले नाही. दीड वर्षापूर्वी न्हाणीघरात पाय घसरला, मी हात टेकला आणि मनगट मोडले. एवढ्याशा पडण्याने या वयात हाड का मोडावे, असा प्रश्न अस्थिरोगतज्ज्ञांना पडला, तेव्हा कुठे रक्तातले प्रोलॅक्टिन (अंगावर दूध येण्याशी संबंधित संप्रेरक) तपासले गेले. ते ९६ निघाले. साधारण २५ च्या आत हवे. रिस्पेरिडोन मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाला अडवते, त्यामुळे प्रोलॅक्टिनवरचा लगाम सुटतो, ते वाढले की इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटते आणि मग हाडांची झीज पुरती भरून निघत नाही. (पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन घटते, पण पाळीसारखी ठळक खूण त्यांना मिळत नाही.) रक्ताच्या एका नळीत कळणारी ही गोष्ट ११ वर्षांत एकदाही पाहिली गेली नाही, याचे मला फार वाईट वाटते.

मग हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली. तीत पाय चौकोनी ठोकळ्यावर ठेवून पाठीवर निजवतात. दुखत काहीच नाही. कमरेच्या मणक्यांचा झेड-स्कोअर उणे २.४ आला, म्हणजे वयाच्या मानाने घनता कमी. ड जीवनसत्त्वही ११ च होते.

मानसोपचारतज्ज्ञांनी आधी ॲरिपिप्राझोल हे सहसा प्रोलॅक्टिन न वाढवणारे दुसरे औषध सुरू केले आणि मग रिस्पेरिडोन हळूहळू उतरवत बंद केले. पहिले पाच आठवडे कठीण गेले. एका जागी बसवत नसे, जेवता जेवता ताटावरून उठून मी फेऱ्या मारी, आणि आवाज परततील या धास्तीने आई माझ्याच खोलीत झोपे. आवाज परतले नाहीत. तिसऱ्या महिन्यात पाळी आली. प्रोलॅक्टिन १४ वर उतरले. सोबत आठ आठवडे ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटांची साप्ताहिक मात्रा आणि रोज जेवणानंतर कॅल्शियम घेतले.

यंत्र बदलले की आकड्यांची नीट तुलना होत नाही, म्हणून वर्षाने मुद्दाम त्याच केंद्रात जाऊन पुन्हा डेक्सा केली. मणके उणे २.१ वर आले आहेत. खुब्याचा आकडा मात्र होता तिथेच आहे.