कॅसेट की मोबाइल?

चाळिशीनंतर मारिओ खेळायचा तर दोन वाटा: माळ्यावरचा कॅसेटवाला गेम, नाहीतर मोबाइलवरचा एम्युलेटर, म्हणजे जुने गेम चालवणारं ॲप. सांगलीहून मिरजेला बसने जाताना मोबाइल बरा. हवं तिथे सेव्ह करा, पुढे चालू. १९८५च्या मूळ मारिओत सेव्हची सोयच नव्हती. लाइट गेली की पहिल्यापासून. (आमच्याकडे ती नेमकी शेवटच्या किल्ल्यात जायची!) पण काचेवर अंगठा घसरतो, उडी चुकते. रिमोटच्या बटणांची टकटक ती टकटकच.

आणि कॅसेटवाल्या गेमसोबतची, पडद्यावरची बदकं मारायची बंदूक? ती जुन्या डबा टीव्हीवरच चालते. पडदा क्षणभर चमकतो, त्या वेळेवरून ती नेम ओळखते. एलईडीवर ते गणित बसत नाही. म्हणून आमचा डबा भंगारवाल्याला द्यायचा नाही, असं घरात बजावून ठेवलंय.