६० बाटल्यांचे पैसे भरले, बिअर भरण्याजोगी एकही नाही

"बिअरसाठी खास, जाड तपकिरी काच, दाब सोसणारी, खटक्याचं झाकण, ५०० मिली, रिकामं वजन ५५० ग्रॅम." जाहिरातीतली ओळ जशीच्या तशी देतोय, कारण तिच्यातलं "५०० मिली" आणि झाकण सोडून काहीही खरं निघालं नाही. घरी केलेली बिअर भरायला मागवलेल्या ६० बाटल्या. ७० टक्के रक्कम आगाऊ, उरलेली ३० टक्के माल निघताना. पत्र्याच्या झाकणाच्या साध्या बाटलीच्या दीडपट दर, आणि तो मोजला त्या ५५० ग्रॅमसाठीच. आधी गोड बोलणं, मग घाई, मग फोन बंद. हे सगळ्यांना पाठ आहे, त्यात शिरत नाही.

राग येतो तो वाहतुकीच्या चिठ्ठीचा. माल चार खोक्यांत आला, प्रत्येकात १५ नग. चिठ्ठीवर एकूण वजन ठळक छापलेलं होतं: १९.४ किलो. त्याच चिठ्ठीवर सही करून माल घेतला. ६० गुणिले ५५० म्हणजे ३३ किलो, हे चौथीतलं पोर तोंडी सांगेल. खोक्यांचे आणि पुठ्ठ्यांचे ८००-८०० ग्रॅम वजा केले की उरतात १६.२ किलो, म्हणजे बाटलीमागे २७० ग्रॅम. तेही खटक्याची तार, चिनी मातीचं बूच आणि रबर धरून. खोकं एका हातानं उचललं गेलं तेव्हा मनात काय आलं? "बरं झालं, हलकं आहे." हलकं! काच विकत घेताना हलकं म्हणजे बरं, असं ज्याला वाटतं त्याला कुणीही गंडवावं.

आकडे लक्षात ठेवा. लांब मानेची ३३० ते ३५५ मिलीची साधी बाटली रिकामी सुमारे २०० ग्रॅम भरते. पुन्हा पुन्हा धुऊन वापरायची ५०० मिलीची बाटली ३६० ते ३८० ग्रॅम. शॅम्पेनची ७५० मिलीची ८३५ ग्रॅमच्या आसपास, कारण तिच्यात पाच-सहा बार दाब असतो (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेच्या दाबाइतका). ५०० मिलीची बाटली बुचासकट २७० भरत असेल, तर ती तेल किंवा सरबत ठेवायची शोभेची बाटली आहे. तिचं झाकण बिअरच्या बाटलीसारखं दिसतं, एवढंच साम्य. खटक्याचं झाकण दिसलं की बाटली दाबाची असणार, हा समज आमचाही होता, आणि धंदा चालतो तो त्याच समजावर.

आता विक्रेत्याचं उत्तर. पहिली बाटली फुटल्याचे फोटो पाठवले, तर म्हणे "साखर जास्त घातली असेल". हे सगळ्यांनाच म्हणतात, म्हणून हिशेब मांडतो. हायड्रोमीटर, म्हणजे बिअरची घनता मोजायची नळी, सलग तीन दिवस १.०११ वर होता, म्हणजे आंबणं संपलं होतं. बाटलीत वायू बनावा म्हणून भरताना घातली ती २० लिटरला १२० ग्रॅम साधी साखर, लिटरला ६ ग्रॅम. लिटरमागे साधारण ४ ग्रॅम साखर एक व्हॉल्यूम वायू देते, म्हणजे बिअरच्या आकारमानाइतका वायू. २० अंशांना आंबलेल्या बिअरमध्ये आधीच ०.८६ च्या आसपास विरघळलेला असतो. बेरीज २.४ व्हॉल्यूमच्या आतबाहेर. साध्या एलसाठी, म्हणजे आम्ही करतो त्या प्रकारच्या बिअरसाठी, हा अगदी मधला आकडा. २० अंशांना त्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे १.८ बार जास्त, गाडीच्या टायरपेक्षाही थोडा कमी. साखर पाण्यात उकळून, गार करून, सगळ्या बिअरमध्ये सारखी मिसळली होती. एका बाटलीत जास्त आणि दुसरीत कमी, असाही प्रकार नाही. वर ३ सेंटीमीटर जागा सोडली होती. यात आमची चूक कुठली, ते दाखवावं.

चूक खरंच कुठे होऊ शकते, तेही सांगून टाकतो, कारण खऱ्या बाटल्याही फुटतात. हायड्रोमीटरवरचा आकडा अजून उतरत असतानाच बिअर बाटलीत भरली, तर राहिलेला प्रत्येक ०.००१ बाटलीत सुमारे अर्धा व्हॉल्यूम वाढवतो. चार राहिले तर दोन व्हॉल्यूम, वर साखरेचे वेगळे. गव्हाच्या बिअरला ३.५ हवेत म्हणून साध्या बाटलीत तेवढी साखर ओतू नका. पातळ बाटलीला ३ च्या पुढे नेऊच नये. आणि भरलेल्या बाटल्या पत्र्याखालच्या खोलीत ठेवल्या, तर तेच २.४ व्हॉल्यूम ३५ अंशांना ३ बारच्या आसपास दाब देतात.

३९ भरल्या. सहाव्या दिवशी पहिली गेली, नवव्या दिवसापर्यंत एकूण ७. खोक्यावर जाड घोंगडं होतं म्हणून कुणाला लागलं नाही. त्यातल्या पाचांचं बूड बशीसारखं गोल सुटून आलं होतं. तुकडा हातमोजे घालून उजेडात धरला, तर कडेचा छेद पाण्यासारखा स्वच्छ. तपकिरी रंग फक्त बाहेरच्या पापुद्र्यात! पांढऱ्या काचेवर फवारलेला. तोंडाशी, रबर बसतं तिथे, नखानं खरवडला की पोपडा निघतो, आणि नेलपॉलिश काढायचं पाणी कापसावर घेतलं तर कापूस तपकिरी होतो. फवारा चिरला की तिथून उजेड आत. हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी फुलं, त्यांतला कडूपणा ५०० नॅनोमीटरच्या आतल्या प्रकाशात बिघडतो आणि बिअरला गंधकाचा उग्र दर्प येतो. तपकिरी काच तो प्रकाश अडवते, हिरवी फारसा नाही, पांढरी अजिबात नाही. म्हणजे ज्या बाटल्या फुटल्या नसत्या, त्यांनीही बिअर नासवलीच असती.

प्रमाणपत्रही पाठवलं होतं, "चाचणी १० बार". नीट पाहिलं असतं तर त्यातली आकृती ७५० मिलीची होती आणि तिच्या तोंडाला पत्र्याचं झाकण बसायची कड होती. आमच्या बाटलीला ती कडच नाही. प्रमाणपत्रातलं चित्र आणि हातातली बाटली शेजारी धरा. हे न सुचल्याबद्दल जोडे मारून घ्यायला तयार आहोत.

तक्रारींचं ऐका. विक्री-मंचाचं म्हणणं: परतीची मुदत ७ दिवस, नग पूर्ण पोहोचले, विषय संपला. बाटलीत दाब पूर्ण बनायला दोन आठवडे लागतात, त्याआधी बिअर आंबायला तेवढेच, मग सात दिवसांत बाटली दाब सोसते की नाही हे कळणार कसं? यावर उत्तर नाही, "आपला अभिप्राय मोलाचा आहे" एवढं आलं. पैसे ज्यांच्यामार्फत गेले ते म्हणाले, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. ग्राहक तक्रार कक्षानं प्रयोगशाळेचा अहवाल मागितला. कुठल्या प्रयोगशाळेचा, हे तीनदा विचारूनही सांगितलं नाही. चौथ्या वेळी वेगळाच माणूस, पुन्हा पहिल्यापासून सगळी कहाणी. आणि पोलिसांच्या टेबलावर तर हसणंच सुरू: "काच आहे, फुटणारच. बरं, दारू घरी करता होय?" तक्रार बाटलीची आहे हे समजावण्यात अर्धा तास गेला, तोवर फसवणूक बाजूला आणि आरोपी आम्हीच. वजन ५५० सांगून २७० चा माल दिला, अर्ध्याहून कमी. धान्यात एवढी मापात मारली असती तर दुकानाला टाळं लागलं असतं. अर्जावर शेरा काय? "माल प्राप्त."

म्हणून खोकं उघडण्याआधी काट्यावर ठेवा आणि काट्याचा आकडा दिसेल असा फोटो काढा. जाहिरात आजच्या तारखेसह जपून ठेवा. आमची नंतर बदलली गेली.

चौकोनी बाटली कितीही देखणी असो, घेऊ नका. गोल भिंत दाब सगळीकडे सारखा वाटून घेते, सपाट भिंत बाहेर वाकते आणि कोपऱ्याशी तडकते. बुडाशी किंवा बुडालगत क्षमता आणि कारखान्याची खूण कोरलेली असते. बूड अगदी कोरं दिसलं तर थांबा. बाटली आडवी धरून आत बघा, कधी काचेचा बारीक धागा एका भिंतीपासून दुसरीपर्यंत ताणलेला असतो. ती बाटली बाद. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीला हातदाबाचा कॅपर, म्हणजे पत्र्याचं झाकण दाबून बसवायचं यंत्र, लावू नका, आटे झिरपतात किंवा तोंडाची कपची उडते. झाकणं २६ मिलिमीटरची की २९ ची, आधी मोजा. नळाखालून बिअर भरून नेण्याचे मोठे जग आणि लोणच्याच्या बरण्या यांत साखर घालून दाब बनवायचाच नाही. सोड्याची प्लास्टिक बाटली मात्र चालते. दाबून कडक लागली की वायू झाला, फुगली तरी तुकडे उडत नाहीत. फक्त हवा हळूहळू आत जाते, दोन-तीन महिन्यांत संपवा आणि कढत पाण्यानं धुऊ नका.

घरी पंपानं हवा भरून बाटली तपासायचा शहाणपणा कुणी करू नये.

अशा बाटल्या आत्ता भरलेल्या असतील तर हलवू नका. हातभर अंतरावरून जाड कापड टाका, चेहऱ्यावर ढाल, हातात चामड्याचे मोजे, मगच खोक्यासकट शीतकपाटात. दोन-तीन अंशांना एक दिवस गेला की दाब बराच उतरतो, मग कापडाखालूनच एकेक खटका सोडा. आमच्या उरलेल्या ३२ अशाच रिकाम्या केल्या. न भरलेल्या २१ अजून खोक्यांत आहेत, कारण परत न्यायला कुणी येत नाही आणि रंगवलेली म्हणून भंगारवालाही घेत नाही. तीच बाटली, तोच फोटो, आता दुसऱ्या नावानं विकायला आहे. वजनाची ओळ तेवढी काढून टाकली आहे.