वाड्याच्या दगडी भिंतीला पोलाद: आरपार सळई, ताणसळई की ग्राउटचा अँकर?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने घरे पडली, त्यात दगडाचा दोष नव्हता. दोन-अडीच फुटी भिंतीत आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे मातीचा भराव आणि दोघांना बांधणारा आरपार दगड नाही. हादऱ्यात थर सुटले, वरचे माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, खाली आले. म्हणून अँकरचा, म्हणजे भिंतीत रोवायच्या सळईचा, भाव विचारण्याआधी भिंतीतला एक दगड काढून पाहा: आत माती आहे की चुना?

माती असेल तर आधी आरपार सळई. दगड हलक्या हाताने सैल करून सुमारे ७५ मिमीचे भोक पाडायचे, दोन्ही तोंडांना रुंद, मधे अरुंद. पहारीचे घाव घातले तर शेजारचा भराव ढासळतो. त्यात ८ मिमीची, दोन्ही टोके वाकवलेली सळई ठेवून १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट ठासायचे. टोके पूर्ण बुडाली पाहिजेत, नाहीतर गंजतात. आडवे-उभे साधारण मीटरभर अंतर, प्रत्येक रांग मागच्या रांगेपासून सरकवलेली. दहा दिवस ओले गोणपाट लावा. पाइपने पाणी मारले तर माती वाहून जाते. हे काम गावचा गवंडी शिकवल्यावर नीट करतो, खर्चही आवाक्यात राहतो.

ताणसळईचे काम निराळे: ती समोरासमोरच्या भिंती फाकू देत नाही. माळवदाच्या खाली, भिंतीच्या दोन्ही अंगांना जोडीने सळया, टोकांना प्लेट आणि नट. मातीच्या भिंतीवर प्लेट थेट बसवू नका, दगड आत रुततो आणि ताण जातो; मागे काँक्रीटची बैठक हवी. आणि पोट काढलेली भिंत नट आवळून सरळ होत नाही. माळवदाला टेकू देऊन तेवढा भाग उतरवा, पुन्हा रचा.

ग्राउटचा अँकर, म्हणजे भोकात सळई घालून भोवती पातळ मसाला (ग्राउट) भरलेला, सर्वांत महाग. तो चुन्यातल्या भरीव भिंतीलाच शोभतो. मातीत त्याला पकड मिळत नाही. स्टेनलेस सळई, भोवती कापडी मोजा, म्हणजे ग्राउट पोकळ्यांत पळत नाही. भोक हिऱ्याच्या बिटने, कोरडे. हातोडा ड्रिलच्या थरथरीने जुने सांधे सुटतात. आधी त्याच भिंतीतले दोन-तीन अँकर ओढून तपासून घ्या.

पैसे एकाच कामापुरते असतील तर आरपार सळई. पण त्याआधी, दर दुरुस्तीला टाकलेल्या मातीने माळवद दीड-दोन फुटांवर गेले असेल, तर ते २०० मिमीपर्यंत उतरवा. त्याला फक्त मजुरी लागते.