अन्सेल्म की उदयन? दोन्ही मांडून पाहिलेल्या माणसाचं मत

"देवाच्या अस्तित्वावर दोन बैठका घ्यायच्यात. अन्सेल्म घेऊ की उदयनाचार्य?" असं सिडकोतल्या एका नव्या अभ्यासमंडळाच्या चालकांनी परवा फोनवर विचारलं. आमचं मंडळ गंगापूर रोडला एका मित्राच्या गच्चीवर महिन्यातून एकदा बसतं, आणि हे दोघेही तिथं मांडून झालेत. दोन वाक्यांत उत्तर देता येईना, म्हणून हे लिहितोय.

दोन्ही युक्तिवादांची तोंडओळख तुम्हाला असेलच. अन्सेल्म हा अकराव्या शतकातला ख्रिस्ती मठवासी विचारवंत. तो व्याख्येतून निघतो. ज्याच्याहून थोर काही कल्पिताच येत नाही तो देव. तो नुसता मनात असेल तर प्रत्यक्ष असणाऱ्यापेक्षा उणा पडेल. म्हणून तो प्रत्यक्षातही असलाच पाहिजे. उदयनाचार्य हे न्याय या आपल्याकडच्या तर्कप्रधान दर्शनाचे आचार्य. ते जगातून निघतात. पृथ्वी, अंकुर ही कार्यं आहेत, कार्याला कर्ता लागतो, जसा घटाला कुंभार. दोघांत शतकभराचंच अंतर आहे. उदयनांच्या 'लक्षणावली'त शके ९०६, म्हणजे इसवी सन ९८४ असा काळ येतो, आणि अन्सेल्मनं 'प्रोस्लोगियन' लिहिलं ते १०७७-७८ च्या सुमारास. एक मिथिलेत, दुसरा नॉर्मंडीतल्या मठात. एकाचं नाव दुसऱ्याच्या कानावर जाण्याचा संभवच नव्हता.

आधी अन्सेल्म, कारण पहिल्यांदा मी त्यालाच निवडलं होतं.

त्याचा रुबाबच वेगळा. सगळा युक्तिवाद एका पोस्टकार्डावर मावतो. जगात धूर आहे की अंकुर आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही; डोळे मिटून बसलात तरी चालेल. तरुण मंडळींना हाच आवडतो. आमच्याकडे इंजिनिअरिंगची दोन मुलं येतात, त्यांनी थेट ग्योडेल हा विसाव्या शतकातला तर्कशास्त्रज्ञ काढला. त्यानं १९७० मध्ये हीच सिद्धता आधुनिक तर्कशास्त्राच्या चिन्हांत बसवली होती, आणि २०१३ मध्ये दोन संशोधकांनी ती संगणकाकडून तपासून घेतली. "संगणकानं देव पास केला," असं एकानं जाहीर करून टाकलं. पुढं ग्योडेलच्या मूळ टिपणातल्या गृहीतकांत विसंगती सापडली. डेना स्कॉट या तर्कशास्त्रज्ञानं थोडी बदललेली मांडणी मात्र टिकली. पण टिकलेल्या मांडणीतही एक गोम आहेच. तिच्यातून जे जे खरं आहे ते ते अटळच होतं असंही निघतं. म्हणजे त्या संध्याकाळी चहात साखर जास्त पडली, तीसुद्धा टळणारी नव्हती. यावर बरीच करमणूक झाली, आणि गणिताची गोडी असलेल्या गटाला मी आजही बिनधास्त अन्सेल्मच सुचवीन.

आक्षेप तुम्हाला माहीतच आहेत. गॉनिलो नावाच्या दुसऱ्या एका मठवाशानं त्याच काळात विचारलं होतं, की याच रीतीनं सर्वांत उत्तम बेटही सिद्ध होईल, मग ते शोधायला कोणी निघतं का? कांट या जर्मन तत्त्वज्ञानं १७८१ मध्ये सांगितलं, की 'असणं' हा वस्तूचा गुणच नव्हे. खरे शंभर थालर (तेव्हाचं जर्मन नाणं) आणि कल्पनेतले शंभर थालर यांच्या संकल्पनेत एका नाण्याचाही फरक नसतो. हा दाखला नाशिकमध्ये देताना जपून द्या. नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात, आणि आमच्या मंडळात प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. मी थालरचे रुपये करून सांगितले, तर काका म्हणाले, "अहो, नक्षी तीच, शाई तीच, पण नंबर पडेपर्यंत आमच्या लेखी तो कागद. नंबर पडला की नोट. मग काही वाढलं की नाही?" कांटची बाजू सावरता सावरता साडेनऊ वाजले. (नंबर हाही छपाईचाच भाग, हे मला घरी जाताना रिक्षात सुचलं.)

पण माझं मन फिरलं ते यातल्या कुठल्याच आक्षेपामुळे नाही. मला खुपली ती फार साधी गोष्ट. आमच्या बैठकीत कोणीही काहीही मांडलं की मागच्या रांगेतल्या एक बाई शांतपणे म्हणतात, "उदाहरण द्या." अन्सेल्मच्या वेळीही त्यांनी तेच म्हटलं, आणि माझ्याकडे उदाहरण नव्हतं. द्यायला गेलो की ते बाद होत होतं. त्रिकोण म्हणालो, जसा देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञानं १६४१ मध्ये घेतला होता. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोन काटकोन भरते, तसं देवाच्या स्वरूपात अस्तित्व भरतं. बाई म्हणाल्या, "म्हणजे त्रिकोण असेल तर बेरीज तेवढी भरणार. त्रिकोण आहेच असं कुठं निघालं?" बेट म्हणालो तर अन्सेल्म स्वतःच आडवा येतो. गॉनिलोला त्याचं उत्तर हेच होतं, की हा युक्तिवाद त्या एकालाच लागू पडतो, दुसऱ्या कशालाही नाही. असेलही. पण मग ऐकणाऱ्यानं तो ताडून बघायचा कशावर?

आपल्याकडे न्यायदर्शनात अनुमान पाच अवयवांत, म्हणजे पाच पायऱ्यांत मांडतात, आणि त्यातल्या तिसऱ्याचं नावच उदाहरण आहे. डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर आहे. जिथं धूर तिथं अग्नी, जसं स्वयंपाकघरात. ते स्वयंपाकघर प्रत्येकानं पाहिलेलं असतं, म्हणून भांडण पुढं सरकतं. अन्सेल्मच्या घरात चूलच नाही. बैठक संपली तेव्हा कोणालाही पटलं नव्हतं आणि कोणालाही खोडता आलं नव्हतं. पर्वणीला रामकुंडावरच्या गर्दीत पाकीट गेल्यावर चेहरे होतात तसे चेहरे झाले होते: गेलं खरं, पण कुठल्या पायरीवर? रसेलसारख्या तर्कशास्त्रात मुरलेल्या तत्त्वज्ञाचंही तेच झालं. १८९४ मध्ये केंब्रिजच्या रस्त्यावर चालता चालता त्याला हा युक्तिवाद एकाएकी पटला आणि हातातला तंबाखूचा डबा त्यानं हवेत उडवला. पुढं मत बदललं, तरी हा चुकीचा आहे असं वाटणं सोपं, नेमकं कुठं चुकतो ते दाखवणं अवघड, असंच तो म्हणत राहिला.

आमच्यातल्या संस्कृतच्या निवृत्त सरांनी इथं मला टोकलं, तेही सांगतो. न्यायदर्शनात केवलव्यतिरेकी, म्हणजे जुळणारं उदाहरण नसलेलं अनुमानही मान्य आहे. 'पृथ्वी इतर द्रव्यांहून वेगळी, कारण तिला गंध आहे' याला जुळणारं दुसरं उदाहरण कुठून आणणार? तेव्हा माझी तक्रार शास्त्राच्या कसोटीवर पक्की आहे असा दावा नाही. सरांनी पुढं अन्सेल्मच्या विरुद्ध आकाशकमळही काढलं: 'आकाशातलं कमळ सुगंधी आहे, कारण ते कमळ आहे.' ज्याच्याबद्दल बोलायचं तेच आधी सिद्ध नाही, तर त्याचे गुण कसले सांगता? या दोषाला आश्रयासिद्ध म्हणतात. गॉनिलोच्या बेटाचा हा चुलतभाऊच.

पुढच्या महिन्यात उदयन घेतले. गच्चीवरचा पाण्याचा माठ मधे आणून ठेवला आणि विचारलं, "हा कोणी केला?" "कुंभारानं." "करताना पाहिलात?" कोणीच पाहिला नव्हता, पण शंकाही कोणाला नव्हती. मागच्या रांगेतल्या बाईंनी पहिल्यांदाच वही उघडली.

आता उदयन निर्धोक आहेत असं समजू नका. धर्मकीर्ती या बौद्ध तार्किकानं त्यांच्या तीनेकशे वर्षं आधीच विचारून ठेवलंय, की माठ मातीचा म्हणून कुंभाराचा, तर वारूळही मातीचंच, तेही कुंभारानं केलं का? शिवाय कुंभाराला हातपाय असतात, देवाचं काय? वाडा बांधायला दहा गवंडी लागतात, मग जगाला कर्ता एकच कशावरून? याला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाची मंडळी, लाघवाचं उत्तर देतात, की एकानं भागत असेल तर दहा कशाला मानायचे. मला ते निम्मंच पटतं. आणि ज्यांना शून्यातून जग निर्माण करणारा देव हवा, त्यांची इथं निराशा होईल. न्यायदर्शनाचा ईश्वर निमित्तकारण, म्हणजे नुसता घडवणारा आहे. परमाणू आधीपासून आहेत, जशी कुंभाराला माती.

पण यातला प्रत्येक आक्षेप बोट ठेवून दाखवता येतो. वारूळ कोणाला पटलं, कोणाला नाही, हात वर करून मोजता आलं. बैठकीत मला तेवढं पुरतं. (श्रद्धेची गोष्ट वेगळी. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या समाधीला त्र्यंबकेश्वरी चालत जाणाऱ्यांत, आधी अनुमान करून मग निघालेला माणूस अजून मला भेटलेला नाही.)

तेव्हा बैठक एकच असेल आणि मंडळी चिन्हांत रमणारी असतील, तर अन्सेल्म घ्या, वेळ छान जाईल. दोन असतील तर माझ्या मते उदयन, आणि दुसरी बैठक गच्चीवर न घेता पांडवलेण्यांत घ्या. आम्ही तेच केलं. बौद्ध लेणी असल्यानं उदयनांचा प्रतिपक्षही आपोआप हजर राहतो. दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे, लेणं कोणी करवून घेतलं ते भिंतीवरच कोरलंय. मी म्हणालो, हे बघा, कार्य आणि कर्ता एकाच जागी. आता लेणं ज्या डोंगरात आहे त्या डोंगराचं बोला. तेव्हा प्रेसचे काका लेखावरून बोट फिरवत म्हणाले, "हे दान देणाऱ्याचं नाव झालं. छिन्नी मारणाऱ्याचं कुठं आहे?"

कुठंच नव्हतं. तरी तो होता याबद्दल आमच्यात कोणाचं दुमत नव्हतं. डोंगराबद्दल मात्र उतरताना शेवटच्या पायरीपर्यंत भांडण चाललं, आणि खाली उसाचा रस पितानाही.